इम्युनोथेरपीसाठी शेत विकायचं का? आधी दोन तपासण्या, मग पैशांचा हिशेब

काटोल तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. वडील ५८ वर्षांचे, संत्र्याची बाग, तीसेक वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा. मागच्या वर्षी डाव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्यानंतर रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो झाली. उपचार संपून पाच महिने होतात न होतात तोच मानेत पुन्हा गाठ आली, आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके दिसले. एका ठिकाणी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच लढाऊ पेशींना कॅन्सरवर मोकळं सोडणारं औषध, सुचवलं आहे: दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, एका वेळचा खर्च दोन लाखांच्या आसपास. मामांचं म्हणणं, दोन एकर काढून टाका, माणूस परत मिळत नाही. मुलाला तीन गोष्टी हव्या आहेत: याचा गुण येईल का, त्रास काय होतो, आणि टीव्हीवर दाखवलेली कार-टी थेरपी बाबांना देता येईल का.

मी नागपुरात मेडिकल ऑन्कॉलॉजी करतो. विदर्भात तोंडाचा कॅन्सर आमच्या ओपीडीत रोजचा आहे, आणि हा प्रश्नही आता रोजचा झाला आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. पण मुख्य गोष्ट आधीच सांगतो: या आठवड्यात शेताचा सौदा करू नका. इम्युनोथेरपी हे थोतांड नाही. माझ्या कामात आलेली ती सगळ्यात मोठी नवी ताकद आहे. पण बाबांना तिचा उपयोग होण्याची शक्यता किती, आणि ती कोणत्या मात्रेत द्यायची, हे दोन तपासण्या झाल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. त्या दोन्ही तपासण्यांचा खर्च एका डोसच्या मानाने फारच किरकोळ आहे.

पहिली तपासणी फुप्फुसातल्या ठिपक्यांची. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये ठिपके दिसले की 'पसरला' असं घरच्यांना सांगून मोकळं व्हायची घाई सगळ्यांनाच असते. पण आपल्याकडे टीबी आहे. रेडिएशन आणि केमो झालेला, नीट जेवू न शकलेला, दहा-बारा किलो वजन उतरलेला माणूस टीबीला सहज सापडतो. अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत गेल्यानेही फुप्फुसात डाग दिसतात. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर गिळण्याची क्रिया बिघडलेली असते, त्यामुळे हे नेहमी घडतं. म्हणून शक्य असेल तिथे ठिपक्यातून किंवा मानेच्या गाठीतून सुईने तुकडा काढून तपासा, आणि थुंकीची सीबीनॅट ही टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी यंत्रणेत ती मोफत होते. हा मुद्दा मी एवढा ताणून सांगतोय त्याचं कारण निदानापुरतं नाही. ज्या औषधांबद्दल आपण बोलतोय ती ज्या पीडी-१ नावाच्या नियंत्रणाला बंद करतात, ते नियंत्रण टीबीच्या बाबतीत शरीराच्या उपयोगाचं असतं. ही औषधं सुरू केल्यावर दबलेला टीबी उफाळून आल्याचे रुग्ण जगभरात नोंदले गेले आहेत. टीबी निघाला तर आधी त्याची औषधं सुरू व्हायला हवीत, आणि कॅन्सरचा टप्पा नव्याने ठरवायला हवा. ठिपके कॅन्सरचे नाहीतच आणि आजार फक्त मानेत आहे असं निघालं, तर पुन्हा ऑपरेशन होऊ शकेल का, हा वेगळाच आणि जास्त आशेचा प्रश्न समोर येतो.

दुसरी तपासणी कॅन्सरच्या पेशींवरच्या पीडी-एल१ या प्रथिनाची. त्यासाठी बाबांना पुन्हा टोचावं लागेलच असं नाही. मागच्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हा काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात नंबरासकट जपलेला असतो. अर्ज करा, सही करून ब्लॉक आणि स्लाइड्स घ्या. रुग्णाने मागितल्या तर त्या दिल्या जातात. आता मानेतून ताजा तुकडा काढणारच असाल तर तो अधिक चांगला, कारण सध्याचा आजार त्यात दिसतो. पॅथॉलॉजिस्ट त्यावर एक विशिष्ट रंग चढवून बघतात. पीडी-एल१ दाखवणाऱ्या कॅन्सरच्या पेशी आणि त्यांच्या आजूबाजूच्या लढाऊ पेशी मोजतात, त्या आकड्याला कॅन्सरच्या एकूण जिवंत पेशींनी भागतात आणि शंभरने गुणतात. येणाऱ्या आकड्याला सीपीएस म्हणतात. तो १ पेक्षा कमी, १ ते १९, की २० आणि वर, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

हे काय आहे ते समजून घेण्यासाठी थोडं मागे जातो. शरीरातल्या टी पेशी रोज गडबड झालेल्या पेशी शोधून मारत असतात. पण त्यांनी उत्साहात स्वतःच्याच शरीरावर तुटून पडू नये म्हणून त्यांच्यावर ब्रेक असतात. त्यातला एक म्हणजे पीडी-१. जपानमध्ये क्योटो विद्यापीठातल्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये तो शोधला. कॅन्सरच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ उभं करतात आणि समोर आलेल्या टी पेशीचा हा ब्रेक दाबून धरतात. पेशी समोर उभी असते, ओळखतेही, पण मारत नाही. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं पीडी-१ वर जाऊन बसतात आणि कॅन्सरचा हात तिथे पोचू देत नाहीत. दुसरा ब्रेक सीटीएलए-४. त्यावर अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी काम केलं आणि त्यातून आलेल्या इपिलिमुमॅबला २०११ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी तिथे मान्यता मिळाली. होंजो आणि ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. शरीर स्वतःवरच हल्ला का करत नाही, हे उलगडणाऱ्या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं: मेरी ब्रुंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची. ही दोन्ही पारितोषिकं एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत आणि कॅन्सरचं पुढचं बरंच संशोधन दुसऱ्या बाजूवर चाललं आहे.

कल्पना मात्र आजची नाही. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी १८९१ पासून रुग्णांना मुद्दाम जंतूंची लागण करून गाठी विरघळवायचा प्रयत्न केला होता. आणि मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये बीसीजी आपण आजही वापरतो. बाळाच्या दंडावर टोचतात ती लस, फक्त बऱ्याच मोठ्या मात्रेत, नळीने मूत्राशयात सोडतात. त्याचा पहिला अहवाल १९७६ चा आहे. म्हणजे नागपुरातली कित्येक माणसं 'इम्युनोथेरपी' हा शब्द न ऐकताच ती घेऊन बरी झालेली आहेत.

यातून एक गैरसमज दूर व्हावा असं मला मनापासून वाटतं. ही औषधं प्रतिकारशक्ती 'वाढवत' नाहीत, ती एक नेमका ब्रेक काढतात. त्यामुळे प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी चूर्णं, काढे, थेंब यांचा या उपचाराशी काडीचाही संबंध नाही. उलट त्यातल्या काहींनी अडचण होते. गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला सूज आल्याचे अहवाल कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले होते. इम्युनोथेरपीनेही यकृताला सूज येऊ शकते. दोन्ही एकदम चालू असेल आणि रिपोर्टमध्ये यकृताची सूज दाखवणारं एसजीपीटी ४०० आलं, तर आम्ही कशाला थांबवायचं? बाबा काही घेत असतील तर रागावणार नाही, पण सांगा. नातेवाईक हे लपवतात आणि खरा घोळ तिथेच होतो.

आता मूळ प्रश्न. गुण येईल का?

बाबांसारख्याच रुग्णांवर, म्हणजे सिस्प्लॅटिनसारखं औषध घेऊन सहा महिन्यांच्या आत आजार परतलेल्या तोंड-घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर, निवोलुमॅबची मोठी चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निकाल आले. वर्षभराने निवोलुमॅबच्या गटातले ३६ टक्के रुग्ण हयात होते, जुन्या औषधांच्या गटातले १६.६ टक्के. दोन वर्षांनी १६.९ टक्के विरुद्ध ६ टक्के. मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, साडेसात महिने विरुद्ध ५.१ महिने. ठळकपणे गाठ लहान झाली ती शंभरात तेरा-चौदा जणांची. हे आकडे मी घरच्यांसमोर कागदावर लिहून दाखवतो, कारण 'गुण येतो' आणि 'येत नाही' या दोन शब्दांत हे मावत नाही. बहुतेकांना फार मोठा फरक पडत नाही. पण ज्या थोड्यांना पडतो, त्यांच्यात तो कधीकधी वर्षानुवर्षं टिकतो. केमोच्या काळात हे आम्ही क्वचित पाहायचो. अडचण एवढीच की तो थोडका माणूस आपला बाप असेल का, हे आधी खात्रीने कळत नाही. सीपीएस त्याचा अंदाज देतो, खात्री देत नाही.

पेम्ब्रोलिझुमॅबच्या २०१९ च्या चाचणीत सीपीएस २० आणि वर असलेल्यांना एकट्या या औषधाने मध्यक १४.९ महिने मिळाले, तुलनेच्या गटात १०.७. पण त्या चाचणीत मूळ उपचार संपून सहा महिन्यांच्या आत आजार परतलेले रुग्ण घेतलेच नव्हते. बाबांचा आजार पाच महिन्यांत परतला आहे. म्हणून कुणी हे १४.९ महिने दाखवून पैसे भरायला सांगत असेल, तर ते आकडे बाबांच्या गटाचे नाहीत हे त्यांना नम्रपणे सांगा.

आणि टीव्हीवरचे चमत्कार? ते खोटे नाहीत, पण ते दुसऱ्या आजारांचे आहेत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये मेंदूपर्यंत पोचलेला मेलानोमा होता. त्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब घेतलं आणि शंभरी पूर्ण करून डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले. मेलानोमा उन्हाने डीएनए बिघडून होतो, त्यात बदल इतके असतात की टी पेशींना तो परका म्हणून पटकन ओळखू येतो. आपल्याकडे तो आजारच कमी. तसंच न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ पैकी १२ रुग्णांची गाठ केवळ डोस्टारलिमॅब या पीडी-१ रोखणाऱ्याच औषधाने पूर्ण नाहीशी झाली, ही २०२२ ची बातमी. ती वाचून मलाही भरून आलं होतं. पण त्या सगळ्यांच्या गाठींत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा मोडलेली होती, आणि अशा गाठी गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये शंभरात पाच ते दहाच असतात. म्हणून आतड्याच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची ती तपासणी व्हायलाच हवी, कारण सापडली तर आयुष्य बदलतं. उलट उदाहरण फुप्फुसाच्या कॅन्सरचं. आपल्याकडे धूम्रपान न केलेल्या अनेकांच्या गाठीत ईजीएफआर नावाचा बदल सापडतो. त्यांना इम्युनोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही, रोजची एक गोळी तिच्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करते. घाईने आधी इम्युनोथेरपी देऊन मग ती गोळी दिली तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. महाग औषध म्हणजे चांगलं औषध, हा हिशेब इथे सरळ उलटा पडतो.

आता ज्या भागासाठी हे एवढं लिहायला बसलो तिथे येतो. पूर्ण मात्रेचं निवोलुमॅब म्हणजे दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: एवढं लागतं का? अगदी सुरुवातीच्या, २०१० च्या अभ्यासातच दिसलं होतं की फार कमी मात्रेतही हे औषध टी पेशींवरच्या पीडी-१ वर जवळपास तेवढंच जाऊन बसतं आणि आठवडेच्या आठवडे बसून राहतं. त्यांनी बरा न होऊ शकणाऱ्या तोंड-घशाच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण घेतले. सगळ्यांना तीन गोळ्यांचा स्वस्त उपचार दिला: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब. निम्म्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभराने नुसत्या गोळ्यांच्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅब मिळालेल्यांतले ४३.४ टक्के. मध्यक आयुष्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिने. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या लोकांच्या, आपल्या तंबाखूच्या कॅन्सरवर, आपल्याच डॉक्टरांनी केलेली ही चाचणी आहे.

तिची मर्यादाही सांगायला हवी. यात कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, कमी मात्रा विरुद्ध नुसत्या गोळ्या अशी होती. त्यामुळे '२० म्हणजे २४० च' असं यातून सिद्ध होत नाही. पण ज्या घराला २४० परवडणारच नाही, किंवा दोन डोसांनंतर थांबवावं लागणार आहे, त्या घरासमोर आज एक पुरावा असलेला रस्ता आहे. बाबांची प्रकृती चालती-फिरती असेल तर माझा कौल या रस्त्याला. दोन एकर विकून चार डोस घ्यायचे आणि मग पैसे संपले म्हणून थांबायचं, याला मी उपचार म्हणत नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं तेही सांगतो, कारण विश्वास बसायला डोळ्यांसमोर यावं लागतं. निवोलुमॅबची सगळ्यात लहान व्हायल ४० मिलिग्रॅमची, तिच्यात चार मिलिलिटर औषध. एका रुग्णाला लागतात दोन मिलिलिटर. उघडलेली व्हायल ठेवून देता येत नाही. म्हणून डे-केअरमध्ये आम्ही दोन-दोन रुग्णांच्या तारखा जुळवतो. सकाळी दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आले, दोघेही फिट ठरले, की फार्मसीतून एकच व्हायल निघते. सिस्टर दोन मिलिलिटर एकाच्या सलाईनमध्ये, दोन दुसऱ्याच्या सलाईनमध्ये भरतात. नळीला बारीक फिल्टर लावतात, अर्ध्या ते एक तासात सलाईन संपतं. बिल अर्धं-अर्धं. एकाला ताप निघाला तर दुसऱ्याचंही अडतं, मग फोनाफोनी सुरू होते. कधी उमरेडचा माणूस भंडाऱ्याच्या माणसासाठी दोन दिवस थांबतो. शेजारच्या खुर्च्यांवर बसून ही माणसं एकमेकांची विचारपूस करतात, आणि 'तुमचे रिपोर्ट लवकर पाठवजा बरं, नाहीतर माझं बी राहून जाते' असं हक्काने सांगतात.

त्रास. केस जात नाहीत, उलट्या फारशा होत नाहीत, बहुतेकांना थकवा आणि खाज याखेरीज काही जाणवत नाही. त्यामुळे घरचे निर्धास्त होतात, आणि मला काळजी वाटते ती इथेच. ब्रेक काढल्यावर टी पेशी शरीराच्या कोणत्याही भागात सूज आणू शकतात: आतडं, फुप्फुस, यकृत, थायरॉइड, सांधे, क्वचित हृदयाचा स्नायू. हे पहिल्या डोसनंतर होऊ शकतं, सहा महिन्यांनी होऊ शकतं, औषध थांबवल्यावरही होऊ शकतं. वेळीच ओळखलं तर स्टेरॉइडने बहुतेक वेळा आटोक्यात येतं.

मे महिन्यातला एक रुग्ण सांगतो. तीन-चार डोस झालेले, गाठ छान उतरलेली. घरच्यांनी फोनवर सांगितलं, ऊन लागलंय. पारा ४५ च्या वर, नागपूरचा मे, कुणालाही तेच वाटलं असतं. पन्हं दिलं, कांदा फोडून हुंगवला, गावातल्या डॉक्टरांनी दोन सलाईन लावल्या. थोडं बरं वाटलं, पुन्हा आडवे. इथे आणलं तेव्हा रक्तदाब ८०, सोडियम ११८, बोलताना डोळे मिटत होते. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे रक्तदाब टिकवणारं संप्रेरक, जवळजवळ नव्हतंच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला औषधाने सूज आली होती आणि तिने कॉर्टिसोल बनवण्याचा हुकूम देणंच बंद केलं होतं. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून बसले आणि चहा मागितला. आता रोज गोळी घेतात, आणि इम्युनोथेरपीही चालू आहे. तो डॉक्टर चुकला असं मी म्हणत नाही, त्याला रुग्ण कोणतं औषध घेतोय हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून बाबांच्या खिशात, पाकिटात, फोनच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, आमचा फोन. दिवसातून चारपेक्षा जास्त जुलाब, नवीन खोकला किंवा धाप, लघवी गडद, डोळे पिवळे, छातीत दुखणं, पापण्या जड होणं, न उतरणारा थकवा, यातलं काहीही असलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन. रात्री दोनलाही.

उलट एक खबरदारी. तोंडाच्या रुग्णांना सूज, दुखणं, भूक यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सर्रास दिलं जातं. इम्युनोथेरपी सुरू करताना मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असेल तर तिचा परिणाम कमी पडतो असं दिसलं आहे. बाबा ते घेत असतील तर सांगा, आम्ही हळूहळू कमी करू. एकदम बंद करू नका.

कार-टीबद्दल. नाही, बाबांना नाही. पण नाही का, हे जाणून घ्या. यात रुग्णाच्याच टी पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरवरची एक विशिष्ट खूण ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि परत देतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही रक्ताचा कॅन्सर झालेली छोटी मुलगी या उपचाराने वाचली. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली. आपल्याकडे आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांनी तयार केलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती सुरू झाली. परदेशात कोटींत जाणारा उपचार इथे काही दशलाखांत आला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण तो बी पेशींच्या रक्ताच्या आणि लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे. त्यातली खूण, सीडी१९, फक्त बी पेशींवर असते. त्या सगळ्या मेल्या तरी माणूस जगू शकतो. तोंडाच्या कॅन्सरवर ज्या खुणा सापडतात त्या त्वचेवर, आतड्यात, फुप्फुसातही असतात, तिथे या पेशी सोडल्या तर काय होईल याचा विचार करा. शिवाय घट्ट गाठीच्या आत त्या सहज शिरत नाहीत. संशोधन चालू आहे. पण आज कुणी तोंडाच्या कॅन्सरसाठी पैसे घेऊन 'इम्युन सेल' किंवा 'डेंड्रिटिक सेल' थेरपी देऊ करत असेल, तर तिथून उठून या.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरच्या ऑपरेशन, केमो, रेडिएशनची पॅकेजेस त्यात आहेत. इम्युनोथेरपी मात्र त्यात धरून चालू नका. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आपल्या औषधाचं नाव घेऊन विचारा. गोळ्या, तपासण्या, दाखल व्हावं लागलं तर तो खर्च, यातलं काय योजनेत बसतं ते तो सांगेल. पूर्ण मात्रा घ्यायचीच ठरली तर कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना असतात, काही डोस विकत घेतल्यावर पुढचे मिळतात. पहिला डोस घेण्याआधी नोंदणी करावी लागते, नंतर धावपळ करून उपयोग नाही.

आणि काहीही ठरलं तरी दुखणं, जखमेचा वास, जेवण यांचा इलाज त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे. मॉर्फिनला घाबरू नका, दुखण्यासाठी ते नीट दिलं तर सहसा व्यसन लागत नाही. तोंड उघडत नसेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालून पोट भरू द्या. वजन टिकलेला माणूस कोणताही उपचार जास्त पेलतो.

तुम्ही पत्रात लिहिलंय की धाकटा भाऊही खर्रा खातो. त्याला आरशासमोर उभं करून तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी दातांच्या मध्ये जात नसतील, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल, तिखट झोंबत असेल, तर त्याला या महिन्यातच दाखवा, आणि खर्रा आजपासून बंद. वेळेत सापडलेल्या गाठीसाठी आता आणखी चांगलं काही येऊ घातलं आहे. ऑपरेशनने काढता येईल अशा, पण मोठ्या झालेल्या गाठींमध्ये ऑपरेशनच्या आधी दोन आणि नंतर पंधरा डोस पेम्ब्रोलिझुमॅब दिल्याची ७१४ रुग्णांची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनी आजार न परतता असलेले ५७.६ टक्के, नेहमीच्या उपचारात ४६.४. अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. एवढे डोस आपल्याकडे किती जणांना परवडतील हा प्रश्न आहेच, आणि कमी मात्रेत हे जमेल का ते आपल्यालाच तपासावं लागणार आहे.

येताना ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, ब्लॉक आणि स्लाइड्स, रेडिएशनचा समरी कागद, सिस्प्लॅटिन कधी आणि किती दिलं त्याची नोंद, सीटी स्कॅनची सीडी आणा. नुसता रिपोर्ट पुरत नाही, ठिपके मला डोळ्यांनी बघायचे असतात. थायरॉइड, साखर, यकृत, किडनी, सकाळी आठचं कॉर्टिसोल आणि हिपॅटायटिस बी-सी या तपासण्या इथे एकदम करू. जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय, मिहानमधलं एम्स, यातलं जे जवळ आणि सोयीचं तिथे दाखवलंत तरी चालेल. फक्त सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि आम्ही एकत्र बसून केस बघू असं विचारून घ्या. मामांनाही सोबत आणा, सीपीएसचा आकडा त्यांच्यासमोर सांगितलेला बरा.